सतरा जास्तीच्या कुबड्या

आमच्याकडे चाळीस कुबड्या होत्या. त्यांतल्या सहा लोकांकडे असताना कपाटात एक्कावन्न भरल्या.

शनिवारची दुपार होती आणि घरात मी एकटा होतो. आकडा पहिल्यांदा आला तेव्हा मी तो मानला नाही. कुबड्या एकमेकींत अडकतात, एखादी दोनदा मोजली जाऊ शकते. म्हणून सगळ्या बाहेर काढल्या, बैठकीच्या खोलीत दहा-दहाच्या रांगा करून जमिनीवर मांडल्या आणि पुन्हा मोजल्या. पाच रांगा आणि एक. असायला हव्या होत्या चौतीस. प्रत्येकीच्या खालच्या नळीवर आमची पिवळी पट्टी होती, म्हणजे परकी एकही नव्हती. मी लांबी मोजणाऱ्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं काम करतो. कारखाने त्यांची मोजमापाची साधनं आमच्याकडे पाठवतात आणि ती साधनं किती खोटं बोलतात ते आम्ही त्यांना लेखी कळवतो. केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागावरून मी माणसांशी भांडलेलो आहे. सतरा नगांचा फरक मला आजवर कुठल्याच मोजणीत आला नव्हता. आणि वस्तू कमी भरली तर तिला शंभर कारणं असतात, जास्त भरली तर एकही सुचत नाही. सगळ्या कुबड्या होत्या तशा कपाटात रचल्या, दार गुडघ्याने रेटून लावलं, आणि ह्याबद्दल घरात कुणाशी बोलायचं नाही असं ठरवलं. न बोलण्याचं कारण अण्णा होते.

साडेतीन वर्षांपूर्वी अण्णा, म्हणजे माझे वडील, वाचनालयाच्या शेवटच्या पायरीला जमीन समजले आणि त्यांचा घोटा मोडला. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, पण त्यांच्या दोन कुबड्या दारामागे तशाच उभ्या राहिल्या, पाहुणा निघून गेल्यावरही विसरून राहिलेल्या सामानासारख्या. मग खालच्या मजल्यावरच्या वायरमनचा गुडघा गेला आणि त्याने त्या नेल्या, त्याच्याकडून त्याच्या मेव्हणीने नेल्या, आणि तिसऱ्या माणसाच्या वेळी अण्णांनी एक वही आणली. ते टपाल खात्यात छाननीला होते. पस्तीस वर्षं पत्रांचे पत्ते वाचून ती योग्य त्या खणात टाकत होते. वस्तू एकीकडून निघून दुसरीकडे सुखरूप पोचली की त्यांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट समाधान येतं, तेच निवृत्तीनंतर पहिल्यांदा दिसलं. कुणी जुन्या कुबड्या देऊन गेलं, काही आम्ही घेतल्या, आणि चाळीस झाल्यावर मी थांबा म्हटलं, कारण कपाटाचं घनफळ मला ठाऊक होतं. तेव्हापासून दर रविवारी नऊ ते बारा आमचं दार उघडं असतं. ज्याला लागेल त्याने कुबडी न्यावी, काम झालं की आणून द्यावी. ह्याला कुणी दानधर्म म्हटलं की मी अवघडतो. पुण्य नावाची राशी मोजता येते असा पुरावा माझ्यापुढे आजवर आलेला नाही. मी माझ्यापुरतं एवढंच मानतो की चाळीस नळ्या वर्षातून सरासरी पाच-पाच वेळा माणसांचा भार घेतात, आणि ही बऱ्यापैकी कार्यक्षमता आहे.

दुसऱ्या दिवशीचा रविवार नेहमीसारखाच उगवला, आणि त्यात मी हेरासारखा वावरलो. आमची कामं वाटलेली आहेत. अण्णा दाराशी टेबल-खुर्ची टाकून वही लिहितात. मी रबरी टोप्या तपासतो, खिट्ट्या दाबून बघतो आणि प्रत्येक कुबडीवर स्वतःचं सगळं वजन टाकून एक मिनिट लोंबकळतो. मुलगी यंदा कॉलेजात गेली. ती जुन्या टॉवेलांच्या पट्ट्या कापून काखेखालचा दांडा गुंडाळते आणि गुंडाळताना ज्या आवाजात गाते त्याला गाणं म्हणण्याइतका पुरावा नाही. पत्नी फिजिओथेरपिस्ट आहे. ती माणसाला उभं करते, त्याच्या उंचीप्रमाणे खिट्टी योग्य भोकात बसवते आणि मग इमारतीच्या जिन्यावर नेऊन चढायला-उतरायला शिकवते. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी," हे तिचं वाक्य जिन्यातून वर येत राहतं, आणि त्यामागून येणाऱ्याची धाप, मग एक हसू, मग पुन्हा तेच वाक्य. मला हा आवाज आवडतो. आठवडाभर मी वीस अंशांवर स्थिर ठेवलेल्या खोलीत असतो, जिथे माणसाच्या श्वासाने पोलाद लांबतं म्हणून आम्ही कमी बोलतो. रविवारी मात्र घरात इतकी माणसं श्वास घेत असतात की कशाचीही अचूक लांबी सांगणं अशक्य व्हावं, आणि त्या अशक्यतेत मला विलक्षण बरं वाटतं. त्या रविवारी ते बरं वाटणं अर्धंच होतं. मी अण्णांकडे बघत होतो. एक मध्यमवयीन बाई आली, हातात एक कुबडी, म्हणाली, "आजोबा, तुमची कुबडी आणलीय." अण्णांचं पेन हवेत थांबलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मला माहीत असलेल्या पण त्यांच्या चेहऱ्यावर कधी न पाहिलेल्या घाईने म्हणाले, "हो हो, ठेवा, ठेवा. बसा. पाणी घ्या." तिचं नाव विचारून त्यांनी ते 'परत' ह्या रकान्यात लिहिलं. ती गेल्यावर त्यांनी वहीची पानं मागे उलटली, बराच वेळ काही शोधलं, आणि माझ्याकडे न बघता वही मिटली.

"बाबा, ह्या कपाटात पिल्लं घालतात का?" मुलगी आतून ओरडली. "बावन्नावी आत जात नाहीये."

"कुणीतरी देऊन जात असेल गं," पत्नी जिन्यातून म्हणाली. "चांगलंच आहे ना. तू गाणं बंद कर, आजींना पायरी दिसत नाहीये."

"गाण्याचा आणि दिसण्याचा काय संबंध?"

"आजी डोळे मिटून घेतायत."

सगळे हसले, त्या आजीसुद्धा, आणि अण्णाही. त्यांचं हसू जरा उशिरा सुरू झालं असं मला वाटलं. पण मी मोजत होतो, आणि मोजणाऱ्याला सगळंच उशिरा होताना दिसतं.

संध्याकाळी अण्णा फिरायला गेल्यावर मी वही पाहिली. 'परत'च्या रकान्यात अठरा नावं अशी होती की 'दिली'च्या रकान्यात त्यांचा मागमूस नव्हता. सोपा अर्थ असा की अण्णा देताना लिहायला विसरतात. पण विसरण्याने ॲल्युमिनियम तयार होत नाही. चाळीसच्या चाळीस कुबड्या न लिहिता दिल्या असत्या तरी परत चाळीसच आल्या असत्या. मग टेबलाचा खण उघडला. ही पिवळी पट्टी माझीच: तिच्यावर माणसाची उंची आणि त्या उंचीसमोर खिट्टीचं भोक, असं बारीक कोष्टक; ती मी आखली, छापून घेतली आणि नळीवर चिकटवली. दुसऱ्या छपाईच्या दोनशे पट्ट्या खणात असायला हव्या होत्या. होत्या साठ. म्हणजे कुणीतरी परक्या कुबड्यांवर आमच्या पट्ट्या चिकटवून त्या आमच्या केल्या होत्या. इथे मला मोठे काका आठवले, आणि खरं तर शनिवारपासून ते माझ्या मनातून जात नव्हते. अण्णांचे थोरले भाऊ. त्यांचा आजार कळायच्या वर्षभर आधी त्यांच्या घरात छत्र्या वाढू लागल्या. नऊ झाल्या तेव्हा काकूने विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "माझ्याच आहेत." प्रत्येकीच्या मुठीला त्यांनी आपल्या नावाची चिठ्ठी बांधली होती. पुढे ते चमचा कसा धरायचा ते विसरले, आणि नंतर अण्णांना विसरले. काका तेव्हा चौऱ्याहत्तरचे होते. अण्णा आता त्र्याहत्तर पूर्ण आहेत, आणि दर बुधवारी रक्तदाब तपासायला इस्पितळात जातात, जिथे भिंतींना कुबड्या टेकून ठेवलेल्या असतात. एखादा माणूस तपासणीच्या खोलीतून बाहेर येतो, हात लांब करतो, आणि तिथे काही नसतं: हे चित्र मला इतकं स्पष्ट दिसलं की मी खण जोरात लावला.

पत्नीला मी एवढंच म्हटलं, "अण्णांचं विसरणं वाढलंय असं वाटतं मला."

"मला नाही वाटत. परवा माझी चावी त्यांनीच शोधून दिली."

"वही आता मी लिहावी म्हणतो. आणि एकदा डॉक्टरांना दाखवू. पुढच्या सोमवारची वेळ मिळतेय."

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. "वही काढून घेतलीस तर त्यांच्याकडे राहतं काय? तूच सांगतोस ना सगळ्यांना, आधी मोजा मग बोला? मग मोज की. आणि ही तपासणी त्यांना न सांगता करणार असशील तर मी येणार नाही."

ती बरोबर होती. मी बुधवारची अर्धी रजा टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वडिलांचा पाठलाग केला. पाठलाग हे कौशल्याचं काम आहे आणि माझ्याकडे ते नाही. ते थांबले की मी दुकानांच्या काचा न्याहाळायचो. एका दुकानात फक्त बाळांचे कपडे होते. लहानपणी ह्याच पाठीमागून मी शाळेत जायचो. पाठ तेव्हा रुंद होती आणि छाननीला आलेल्या टपालाच्या पिशव्या वाहताना जिथे घासायच्या तिथे सदरा नेहमी विरलेला असायचा. आता सदरा धड होता आणि आतला खांदा विरला होता. इस्पितळाच्या लांब मार्गिकेत ते बाकावर बसले. मी वर्तमानपत्र उघडून खांबाआड बसलो. समोर एक जाडजूड माणूस पेंगत होता, आणि त्याची कुबडी चार हात पलीकडे भिंतीला टेकलेली होती. अण्णांनी ती पाहिली. इकडेतिकडे पाहिलं. उठले. कुबडीपाशी गेले, आणि त्यांनी ती उचलली. मला माझ्या कानांत रक्त ऐकू आलं. प्रयोगशाळेत इतका आवाज आम्ही चालवून घेत नाही. अण्णांनी ती उलटी केली, रबरी टोपी अंगठ्याने दाबून पाहिली, मग त्या माणसाच्या हाताशी येईल अशी बाकाला टेकवून ठेवली आणि त्याला हलवून म्हणाले, "टोपी झिजलीय. ओल्या फरशीवर घसराल. रविवारी या आमच्याकडे, बदलून देतो." आणि जागेवर जाऊन बसले.

बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर ते थांबले आणि मागे न वळता म्हणाले, "गोड पाव दोन घे. एक माझा. सकाळपासून मागे मागे फिरून भूक लागली असेल."

मी पाव घेतले. आम्ही बेकरीच्या बाहेरच्या बाकावर बसलो. पाव गरम होते.

"बाळांच्या कपड्यांच्या दुकानात काय होतं?" त्यांनी विचारलं.

"बाळांचे कपडे."

"हं. दादाच्या छत्र्या आठवल्या ना तुला?"

मी मान हलवली. खोटं बोलायला लागणारी तयारी माझ्याकडे नव्हती.

"मलाही त्याच आठवतायत," अण्णा म्हणाले. "सहा महिने झाले. लोक येतात, म्हणतात, आजोबा, तुमची कुबडी. आणि मला चेहरा आठवत नाही रे. एकाचाही नाही. पस्तीस वर्षं मला माणसाच्या अक्षरावरून त्याची गल्ली कळायची. आता माणूस समोर उभा, हातात आपली पट्टी लावलेली कुबडी, आणि मला तो कोरा दिसतो. मग काय करणार? हो हो, ठेवा म्हणतो. कधी नेली होतीत, असं विचारायची लाज वाटते. त्याला वाटायचं, म्हातारं गेलं." त्यांनी बोटांना लागलेली साखर झटकली. "मी खणातल्या पट्ट्याही मोजल्या. कमी आहेत. मीच लावत असेन आणि आठवत नसेल. सोमवारची वेळ घेतलीयस ना? येईन मी. फक्त वही आत्ताच घेऊ नकोस. निकाल लागला की घे."

वेळेबद्दल त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. आमचं घर लहान आहे आणि फोन मधल्या खोलीत आहे. आम्ही घरी चालत आलो, ह्या वेळी बरोबरीने. मला एवढंच सुचलं की त्यांच्या डावीकडून, वाहनांच्या बाजूने चालावं.

पुढच्या रविवारी साडेनऊला अण्णा आत चहा घेत होते म्हणून दाराशी मी होतो. जिन्यावरून एक रंगारी वर आला. तो रंगारी आहे हे विचारावं लागलं नाही. त्याच्या कानामागे अजून निळा रंग होता. एक कुबडी त्याने खांद्यावर बंदुकीसारखी धरली होती.

"साहेब, ही तुमची कुबडी."

आतल्या दारात अण्णा कप घेऊन उभे होते. त्यांनी रंगाऱ्याकडे पाहिलं आणि मला त्यांचा चेहरा कोरा होताना दिसला. त्यांनी तोंड उघडलं, हो हो, ठेवा, हे शब्द बाहेर पडायच्या आत मी विचारलं, "कधी नेली होतीत तुम्ही?"

"नेली? नेली कुठे? दुकानातून विकत घेतली की."

"मग इथे का आणलीत?"

रंगारी माझ्याकडे जरा काळजीने बघू लागला. "त्यावर लिहिलंय ना."

त्याने कुबडी उलटी करून माझ्या नाकासमोर धरली. पिवळ्या पट्टीच्या अगदी तळाशी, रबरी टोपीच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: काम झाल्यावर परत करावी, आणि पुढे आमचा पत्ता. ती ओळ मीच घातली होती. दुसऱ्या छपाईच्या वेळी कोष्टकाखाली थोडी जागा उरली होती, आणि रिकामी जागा मला बघवत नाही.

"पण ही तुमची आहे," मी म्हणालो. "तुम्ही विकत घेतलीत."

"साहेब, मी शिडीवरून पडलो. दीड महिना हिच्यावर चाललो. कुबडीवाला माणूस सगळा वेळ खालीच बघतो, दुसरं वाचायला असतं काय? दिवसातून शंभरदा वाचलं, परत करावी, परत करावी. शेवटी पाठ झालं. आता बरा झालो, तर हिचं मी करू काय? रंग ढवळू? आणि म्हटलं, ज्या माणसाने एवढं बारीक माप छापलंय, तो वाट बघत असणार."

"पट्टी कुणी लावली?"

"क्लिनिकमधल्या बाईंनी," तो म्हणाला, आणि जिन्याकडे बोट दाखवून आनंदाने ओरडला, "ह्या काय, ह्याच!"

पत्नी एका माणसाला शेवटच्या पायरीवर धरून उभी होती. "चांगला पाय आधी," ती त्याला म्हणाली, आणि मग मला, "काय झालं? मीच लावते. लोक दुकानातून कुबड्या आणतात त्या भलत्याच उंचीच्या असतात. तुझी पट्टी लावली की भोक चुकत नाही. गेल्या वर्षी गठ्ठा नेला मी. तुला विचारून नेला."

"मला विचारलंस?"

"जेवताना. तू कसला तरी आलेख बघत होतास. 'हं' म्हणालास."

"बाबांचं 'हं' धरायचं नसतं गं आई," मुलगी म्हणाली. "त्या 'हं'वर मी सहलीला जाऊन आलेय."

अण्णा अजून दारातच होते. कप त्यांच्या हातात तिरका झाला होता आणि चहा बशीत सांडत होता. ते रंगाऱ्यापाशी आले, त्याचा चेहरा नीट पाहिला, आधी डावीकडून, मग उजवीकडून, आणि विचारलं, "तुम्ही ह्याआधी इथे कधीच आला नाहीत?"

"कधीच नाही, आजोबा."

"मला तुम्ही कधी पाहिलं नाहीत?"

"आईशपथ नाही."

"बसा," अण्णा म्हणाले. "बसा तुम्ही. पाणी नको, चहाच घ्या." ते हसू लागले, आणि ह्या वेळी उशीर नव्हता, सगळ्यांच्या आधी तेच हसले, इतके की खुर्चीचा हात धरावा लागला, आणि पायरीवरचा तो दुखऱ्या पायाचा माणूस, ज्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं, तोही भिंतीला टेकून हसू लागला. मुलीने रंगाऱ्याच्या कुबडीचा दांडा तिथल्या तिथे गुंडाळायला घेतला. अण्णांनी वही उघडली, रंगाऱ्याचं नाव लिहिलं आणि 'परत' हा शब्द खोडून वर 'दिली' असं लिहिलं; मग जरा विचार करून वहीच त्याच्याकडे फिरवली आणि म्हणाले, "इथे सही करा. देणारे तुम्ही."

सोमवारी आम्ही चौघेही तपासणीला गेलो, कारण एका घटनेचं कारण सापडलं म्हणून दुसरीबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि हे अण्णांनीच मला सुनावलं. स्मरणशक्ती वयाला साजेशी आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं. 'वयाला साजेशी' हा शेरा अण्णांना अपमानास्पद वाटला आणि घरी येईपर्यंत ते रस्त्यावरच्या प्रत्येक इमारतीत पूर्वी कोण राहायचं ते सांगत होते. वही त्यांच्याकडेच आहे. पुढच्या दोन रविवारी आम्ही त्या लोकांना निरोप पाठवून विचारलं की कुबड्या तुमच्या आहेत, परत हव्यात का. एकालाही नको होत्या. त्यांतले दोघं जण दर रविवारी रबरी टोप्या बदलायच्या कामात मदतीला येऊ लागले. नवं कपाट जिन्याखाली केलं. ती ओळ पुढच्या छपाईतून काढून टाकावी असं मी सुचवलं तेव्हा घरात मतदान झालं आणि तीन विरुद्ध एक अशा फरकाने ती राहिली.

कारण असं: पट्टीवर पत्ता मी छापला. पट्ट्या क्लिनिकमध्ये नेण्याची परवानगी मी दिली आणि विसरलो. लोकांनी त्या विकत घेतलेल्या कुबड्यांवर लावून घेतल्या, सहा आठवडे वाचल्या आणि स्वतःच्या मालकीची वस्तू परत आणून दिली. अण्णांना त्यांचे चेहरे आठवत नव्हते, कारण त्यांनी ते आधी कधी पाहिलेच नव्हते.